खाशाबा, मारुती माने आणि अमन : निरनिराळ्या काळांतील मल्लांची तुलना



कृष्णाकाठच्या कोणत्याही गावी यात्रेतील कुस्त्यांचा फड संपला की परतीच्या वाटेवर एक वाद हटकून सुरू होतो. सर्वांत थोर मल्ल कोण? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, की सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने? कोणी म्हातारे गृहस्थ गामाचे नाव घेतात, तर तुमच्या वयाची मुले आजच्या ऑलिंपिक वीरांची बाजू घेतात. आवाज चढतात, पण निर्णय लागत नाही. कारण ज्यांची तुलना करावयाची ते मल्ल एकमेकांशी कधी लढलेच नाहीत, आणि यापुढेही लढणार नाहीत.

हा वाद केवळ आपल्याकडचाच आहे असे समजू नका. अमेरिकेत तो वजनदार गटातील मुष्टियोद्ध्यांविषयी चालतो. १९६९ साली तेथे या वादाचा निकाल संगणकाकडून लावून घेण्याचा घाट घातला गेला. एका बाजूला रॉकी मार्सियानो. हा ४९ लढती लढून एकही न हरता १९५६ साली निवृत्त झालेला. दुसऱ्या बाजूला महंमद अली. दोघांच्या लढतींच्या नोंदी व जाणकारांची मते आकड्यांत बसवून संगणकाला पुरविण्यात आली. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची लढत केली, तिचे निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले गेले, आणि जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतील चित्रगृहांत जो शेवट दाखविला गेला त्यात तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळविले. मार्सियानो त्यापूर्वीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, विमान अपघातात वारला होता. याआधी १९६७ साली याच मंडळींनी नभोवाणीवर अशीच संगणकी स्पर्धा घेतली होती. तीत अलीला जुन्या काळच्या जिम जेफ्रीसकडून हरविण्यात आले, आणि संतापलेल्या अलीने त्यांच्यावर दावा लावला!

संगणकाचे उत्तर मानायचे की नाही? गिरणीत जोंधळा टाकला तर गव्हाचे पीठ पडत नाही. मार्सियानोची सहनशक्ती किती व अलीची चपळाई किती, हे आकडे माणसांनीच अंदाजाने ठरविले होते. यंत्राने फक्त त्यांचे दळण दळले. तेव्हा खरा प्रश्न यंत्राच्या आधीचा आहे. मल्लाचे मोठेपण ही मोजता येण्याजोगी राशी आहे काय? आणि असल्यास ती कोणत्या मापाने मोजायची?

वादातील एक भाग असा आहे की तो भौतिकीच्या आधाराने बऱ्याच अंशी निकालात काढता येतो. तो म्हणजे वजन. खाशाबा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलोग्रॅम गटात लढले, तर मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलोग्रॅम गटात सुवर्णपदक मिळविले. दोघांची गाठ पडली असती तर वजनाने किती फरक पडला असता?

स्नायूची ताकद त्याच्या लांबीवर नव्हे, तर त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. दोरखंडात जितक्या सुतळ्या शेजारी-शेजारी पिळलेल्या, तितका तो भार पेलतो. दोरखंड लांब केल्याने तो बळकट होत नाही. स्नायूचेही तसेच. आता समजा, एका माणसाची सर्व मापे दुप्पट केली. क्षेत्रफळ, म्हणून ताकद, चौपट होईल. पण घनफळ, म्हणून वजन, आठपट होईल. म्हणजे ताकद वजनाच्या मानाने सावकाश वाढते. वजनांच्या गुणोत्तराचे घनमूळ काढून त्याचा वर्ग केला की ताकदींचे गुणोत्तर मिळते.

हा नियम माणसांना लागू पडतो काय, हे वजन उचलण्याच्या स्पर्धेत पाहता येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ६१ किलो गटातील विजेत्याने दोन प्रकार मिळून ३१० किलो उचलले. ८९ ला ६१ ने भागले तर १.४५९ येतात, त्याचे घनमूळ १.१३४ व त्याचा वर्ग १.२८६. यावरून ८९ किलो गटाच्या विजेत्याने ३१० × १.२८६ म्हणजे सुमारे ३९९ किलो उचलावयास हवे होते. प्रत्यक्षात त्याने ४०४ उचलले. ७३ किलो गटासाठी अंदाज ३४९ येतो. प्रत्यक्ष आकडा ३५४. केवळ भूमितीच्या जोरावर केलेल्या भाकिताला याहून चांगले यश क्वचितच मिळते. मात्र १०२ किलो गटासाठी अंदाज ४३७ येतो आणि विजेत्याने उचलले ४०६. येथे नियम लंगडा पडला. एका दिवसाच्या स्पर्धेत कोणाचे प्रयत्न फसले यावरही पुष्कळ अवलंबून असते, आणि भारी शरीर म्हणजे हलक्या शरीराची हुबेहूब मोठी प्रतिकृती नसते. म्हणून या हिशेबाकडे अंदाज म्हणूनच पाहा.

आता ९७ व ५७ घ्या. गटांची मर्यादा हेच वजन धरू. गुणोत्तर १.७०, घनमूळ १.१९४, वर्ग १.४३. म्हणजे भारी मल्लाची ताकद सुमारे १.४३ पट. पण कुस्तीत नुसती ताकद पुरत नाही. समोरच्याचे वजन हलवावे लागते. भारी मल्लाला १.४३ पट ताकदीने हलके शरीर हलवायचे, तर हलक्या मल्लाला आपल्या एकपट ताकदीने १.७० पट जड शरीर हलवायचे. दोहोंचा गुणाकार २.४३. एकूण अडीचपटीच्या आसपास फरक पडला! याच कारणाने वजनगट पाडतात. तो हलक्या मल्लांवर केलेला उपकार नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहा : दर किलोग्रॅम वजनामागे ताकद मात्र हलक्या मल्लाचीच जास्त असते.

‘मग लहान चणीचा मल्ल धिप्पाड मल्लाला आसमान दाखवितो ते कसे?’ असे तुम्ही विचाराल. आपण वर दोघांचे कसब सारखे धरले होते, ही मेख त्यात आहे. खाशाबांचा हुकमी डाव म्हणून ढाक प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याची मान व हात आवळून, आपल्या कमरेच्या टेकूवरून त्याला फेकावयाचे, असा हा डाव. ५७ किलो वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ५६० न्यूटन भरते. त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा टेकूपासून २० सेंटिमीटर दूर असेल, तर त्याला उलथण्यासाठी ११२ न्यूटन-मीटर एवढ्या आघूर्णावर मात करावी लागेल. पण आधी त्याला झोक देऊन ते अंतर ५ सेंटिमीटरवर आणले, तर २८ पुरे. काम चौपटीने हलके झाले! वजनाने आलेली अडीचपट तफावत एका बरोबर साधलेल्या क्षणाने भरून निघू शकते. वस्ताद ज्याला ‘वेळ साधणे’ म्हणतात ते हेच.

म्हणून वजनाचा प्रश्न बाजूला ठेवायचा, तर एकाच गटातील दोन मल्ल घ्यावे लागतील. योगायोग असा की इतिहासाने आपल्यासाठी असा प्रयोग मांडूनच ठेवला आहे. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ५७ किलो मुक्त शैली गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ९ ऑगस्ट २०२४ रोजी हरियाणाच्या अमन सेहरावतने पॅरिसमध्ये त्याच शैलीत, त्याच ५७ किलो गटात, कांस्यपदकच मिळविले. मध्ये ७२ वर्षे. दोघेही ज्या मल्लाने सुवर्णपदक जिंकले त्याच्याकडून हरले, आणि दोन्ही वेळा तो जपानी होता : तेव्हा शोहाची इशी, आता रेई हिगुची. इतकी जुळणारी जोडी प्रयोगशाळेतही सहसा मिळत नाही.

आता तरी तुलना सोपी झाली ना? दुर्दैवाने नाही. साधे ५७ किलोच घ्या. १९५२ साली त्याखाली ५२ किलोंचा आणखी एक गट होता. खाशाबा स्वतः १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच गटात लढून सहावे आले होते. आज ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मुक्त शैलीचे सहाच गट उरले आहेत, व ५७ हा सर्वांत हलका आहे. गट कमी झाले की मल्ल वरून खाली वजन उतरवून येतात. वजन उतरविणे जुन्या काळी नव्हते असे नव्हे, पण पॅरिसमध्ये उपान्त्य लढतीनंतर अमनचे वजन ६१.५ किलो भरले आणि रातोरात त्याने ४.६ किलो उतरविले, असे प्रसिद्ध झाले आहे. ६१.५ आणि ५७ यांना वरचा हिशेब लावून पाहा. साडेतेरा टक्क्यांच्या आसपास फरक येतो. म्हणजे वजनकाट्यावरचे ५७ आणि लढताना असलेले ५७ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात! (त्याच स्पर्धेत ५० किलो गटात विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाली. तो फरक भौतिकीच्या हिशेबाने एक तृतीयांश टक्का भरतो. नियमाला मात्र कोठे तरी रेघ ओढावीच लागते.)

मग वेळ. हेलसिंकीत कुस्ती पंधरा मिनिटांची होती. आज मध्यंतरासह तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात. पंधराशे मीटर धावणाऱ्याची व चारशे मीटर धावणाऱ्याची तुलना आपण करीत नाही. दोघांच्या शरीरांत ऊर्जा पुरविण्याची रीतही सारखी नसते. त्या वेळी चितपट न झालेल्या कुस्तीचा निर्णय तीन पंचांच्या मतांवर होई. आज प्रत्येक डावाचे गुण फलकावर दिसतात. तेव्हा एका गटात कांस्य एकच. २००८ पासून दोन. तेव्हा साऱ्या सोव्हिएत संघाचा मिळून एकच मल्ल एका गटात उतरे, आणि त्या रशीद मामेदबेकोवकडूनही खाशाबा हरले. आज त्या संघाची पंधरा राष्ट्रे झाली आहेत व प्रत्येक जण आपला मल्ल पाठवू पाहतो. पण पॅरिसला रशियाचे मल्ल उतरलेच नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

यात आणखी एक गोष्ट लोक मिसळतात. खाशाबा मातीत तयार झाले; गादीवरच्या कुस्तीची सवय त्यांना परदेशी गेल्यावर करून घ्यावी लागली. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. अमनच्या पाठीशी शासनाची योजना, प्रशिक्षक आणि वैद्यक होते. यावरून खाशाबांचे पदक अधिक कष्टाचे होते असे म्हणावयाचे असेल, तर मीही तुमच्या बाजूने हात वर करीन. पण कष्ट ही एक राशी आणि कुस्तीतील सामर्थ्य ही दुसरी. वेग आणि तापमान यांची बेरीज करीत नाहीत, तशी यांचीही करू नये.

धावण्याच्या शर्यतीत असा घोळ का होत नाही? जेसी ओवेन्सने १९३६ साली बर्लिनला शंभर मीटर १०.३ सेकंदांत पार केले. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनलाच ९.५८ सेकंदांत. धावपट्टी बदलली, बूट बदलले, हे खरे. पण सेकंद तोच राहिला. कुस्तीत असा सेकंद नाही. तेथे एक मल्ल हेच दुसऱ्या मल्लाचे माप.

तुम्ही विद्युत्-विभव शिकला असाल. एकट्या बिंदूचे विभव मोजता येत नाही. दोन बिंदूंमधील विभवांतर तेवढे मोजता येते, आणि शून्य कोठे धरायचे हे आपण ठरवितो. मल्लाची ताकद नेमकी अशी आहे. लढत म्हणजे दोन बिंदूंना व्होल्टमीटर जोडणे. याच कल्पनेवर बुद्धिबळातील खेळाडूंचे गुणांकन उभे आहे. ते बसविणारे आर्पाद एलो हे अमेरिकेत भौतिकीचे प्राध्यापक होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो! जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९७० साली स्वीकारली. तीत गुणांचा फरक शून्य असेल तर दोघांनाही १०० पैकी ५० विजयांची अपेक्षा; फरक १०० असेल तर वरचढ खेळाडूला ६४, २०० असेल तर ७६, ३०० असेल तर ८५ व ४०० असेल तर ९१.

मग खाशाबा व अमन यांना जोडणारी साखळी का करू नये? खाशाबा ज्यांच्याशी लढले, ते पुढे तरुण मल्लांशी लढले, ते आणखी पुढच्यांशी. कालव्याची पातळी काढणारे लोक असेच करतात. दुर्बीण आणि उभी मोजपट्टी घेऊन शंभर पावलांचा फरक मोजायचा, मग पुढचे शंभर. पण प्रत्येक टप्प्याला चूक होते. समजा, मल्लाचा भर आठ वर्षे टिकतो. ७२ वर्षांत नऊ टप्पे पडतील. प्रत्येक टप्प्यात १०० गुणांची चूक, कधी इकडे तर कधी तिकडे, अशी धरली तर एकूण चूक नऊपट होत नाही. नऊच्या वर्गमूळाने, म्हणजे तिपटीने वाढते. ३०० गुण. साखळीच्या शेवटी दोघे अगदी सारखे निघाले, तरी खरी स्थिती ‘१०० पैकी ८५ कुस्त्या खाशाबांच्या’ पासून ‘८५ अमनच्या’ पर्यंत कोठेही असू शकेल. एवढे अंतर असताना ‘सारखे’ या शब्दाला अर्थ तो काय राहिला?

याहून वाईट चूक वेगळीच आहे. जुना मल्ल नव्या मल्लाला भेटतो तेव्हा बहुधा जुना उताराला आणि नवा चढाला लागलेला असतो. म्हणजे प्रत्येक टप्प्यात चूक एकाच दिशेने होते. मोजपट्टीच आखडलेली असेल तर चुका एकमेकींना कापत नाहीत, साठत जातात. नऊ टप्प्यांत ९०० गुण. आणि ९०० गुणांचा फरक म्हणजे १०० पैकी ९९ कुस्त्या! ज्याला अशा साखळीतून ‘आजचा मल्ल फारच श्रेष्ठ’ असे उत्तर मिळेल, त्याने आधी पट्टी तपासावी.

वय मोजमाप कसे बिघडविते याचे नामांकित उदाहरण गामाचे. १९१० साली लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळाला तीच जोडी पुन्हा लागली आणि गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला चीत केले. दोघेही तेव्हा पन्नाशीच्या घरात होते. उपकरण तेच, बिंदू तेच, पण दोन वेळच्या मापांत जमीन-अस्मानाचे अंतर. पहिलीत झिबिस्को पोटावर पडून बचाव करीत राहिला होता. यांतले कोणते माप खरे धरायचे?

तर मग यात्रेहून परतताना काय म्हणावे? ‘अमुक मल्ल आपल्या काळच्या मल्लांपेक्षा किती वर होता’ हे म्हणता येते, कारण तेथे लढती झालेल्या आहेत. मारुती माने जाकार्तात ९७ किलोंत आशियात पहिले आले, खाशाबा हेलसिंकीत ५७ किलोंत जगात तिसरे. ही दोन्ही विधाने पक्की आहेत. वजनाच्या परिणामाविषयीही बऱ्यापैकी बोलता येते. ‘खाशाबांनी अमनला पाडले असते काय’ या प्रश्नाचे उत्तर मात्र आकड्यात देताना सोबत चुकीची मर्यादा द्यावी लागेल, आणि ती उत्तराहून मोठी निघेल. माझ्या मते कुस्तीशौकिनांच्या वादात ही मर्यादा सांगणारा एक तरी विद्यार्थी असावा, मग बाकीच्यांनी त्याला गप्प बसविले तरी चालेल.

करून पाहा : वर्गातील सोळा जणांचे आठ-आठचे दोन गट करा. प्रत्येक गटात सर्वांनी सर्वांशी पंजा लढवावा. सुरुवातीला प्रत्येकाला १००० गुण द्या. दर लढतीनंतर (निकाल − अपेक्षा) ला ३२ ने गुणून ते गुण जुन्या गुणांत मिळवा. निकाल जिंकल्यास १, हरल्यास ०. उदाहरणार्थ, दोघांचे गुण सारखे असतील तर अपेक्षा ०.५० व जिंकणाऱ्याला १६ गुण मिळतील. पण १००० गुणांच्या मुलाने १२०० च्या मुलाला हरविले तर त्याची अपेक्षा ०.२४ असल्यामुळे २४ गुण मिळतील. हरणाऱ्याचे तितकेच कमी होतील. दोन्ही गटांतील पहिल्या क्रमांकाच्या मुलांचे गुण वहीत लिहून ठेवा व त्यावरून कोण जिंकेल याचे भाकीत करा. त्यानंतरच त्या दोघांची लढत लावा. मग दोन्ही गटांतील आणखी चार-चार जणांच्या लढती लावून यादी पुन्हा मांडा. पहिल्या यादीतील किती नावांची जागा बदलली? आणि एका गटात मुद्दाम आठवीची आणि दुसऱ्यात दहावीची मुले घेतली असती, तर पहिल्या यादीवरून ते कोणाच्या लक्षात आले असते काय?